घरचा कॉम्प्युटर सुरक्षित करायला एक रविवार पुरतो, पैसे लागत नाहीत

विंडोज १० किंवा ११ असलेल्या कॉम्प्युटरला लागणारी जवळपास सगळी सुरक्षा त्याच्या पोटातच असते. अँटिव्हायरस आहे, फायरवॉल आहे. अडचण एवढीच की त्यातलं बरंचसं कोणीतरी बंद करून ठेवलेलं असतं. तो कोणीतरी म्हणजे बहुतेक वेळा आपण स्वतः, नाहीतर ज्याच्याकडून विंडोज टाकून घेतलं तो दुकानदार. म्हणून नवं काही डाउनलोड करण्याआधी आहे ते तपासायचं, आणि तेही क्रमाने. मशीनमध्ये आधीच कीड असेल तर तिथे बसून पासवर्ड बदलणं म्हणजे चोरासमोर नवी किल्ली घडवणं.

क्रॅकचा निकाल आधी

सेटिंग्ज उघडा, सिस्टिममध्ये (विंडोज १० असेल तर अपडेट अँड सिक्युरिटीमध्ये) ॲक्टिव्हेशनवर जा. घरच्या मशीनवर तिथे ‘तुमच्या ऑर्गनायझेशनच्या ॲक्टिव्हेशन सर्व्हिसने ॲक्टिव्हेट झालं आहे’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर दिसला, तर ते विंडोज क्रॅकने, म्हणजे परवाना चुकवणाऱ्या बेकायदा प्रोग्रॅमने, चालू केलेलं आहे असं समजा; तो ऑफिसांसाठीच्या केएमएस या ॲक्टिव्हेशन पद्धतीची नक्कल करतो. (ऑफिसने दिलेला लॅपटॉप असेल तर गोष्ट वेगळी.) असे क्रॅक चालवायच्या सूचनांमधली पहिली ओळ बहुधा ‘अँटिव्हायरस बंद करा’ ही असते. मालक स्वतःच दार उघडून देतो म्हटल्यावर चोराला कुलूप फोडावं लागत नाही.

आता विंडोज सिक्युरिटी हे ॲप उघडा. व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, तिथे मॅनेज सेटिंग्ज. रिअल-टाइम, क्लाउड-डिलिव्हर्ड आणि टॅम्पर प्रोटेक्शन ही तिन्ही बटणं चालू हवीत. मग त्याच पानाच्या तळाशी एक्सक्लुजन्स, म्हणजे न तपासायच्या गोष्टींची यादी, बघा. ही यादी कोणी बघत नाही, आणि घोळ नेमका तिथेच असतो. क्रॅकसाठी एखादं फोल्डर, कधी तर सबंध सी ड्राइव्ह या यादीत टाकलेला असतो. मग अँटिव्हायरस हिरवी खूण दाखवत राहतो आणि प्रत्यक्षात काहीच तपासत नाही. तुम्ही स्वतः टाकलेलं नाही ते सगळं काढा. त्यानंतर स्कॅन ऑप्शन्समधून ऑफलाइन स्कॅन लावा. मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज पूर्ण चालू होण्याआधीच तपासणी होते, साधारण १५ मिनिटं लागतात. चालू विंडोजमध्ये लपून बसणारे प्रोग्रॅम यात सापडण्याची शक्यता जास्त.

क्रॅकवर चाललेलं मशीन खरं तर पूर्ण पुसून नव्याने उभं करावं. विंडोजची इन्स्टॉलेशन फाइल मायक्रोसॉफ्टच्या साइटवर फुकट मिळते. ॲक्टिव्हेट न केलेलं विंडोज कोपऱ्यात एक पुसट ओळ दाखवतं, वॉलपेपर बदलू देत नाही, पण सुरक्षेचे अपडेट त्यालाही येतात. परवान्याचा प्रश्न वेगळा आणि तो सोडवायला हवाच, पण सुरक्षेपुरतं पाहिलं तर क्रॅकपेक्षा ती पुसट ओळ परवडली. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या जागी फुकटचं लिब्रेऑफिस चालतं. मराठी टायपिंगसाठीही कुठला क्रॅक नको: सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, तिथे मराठी भाषा जोडा, तिच्या ऑप्शन्समध्ये ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्ड मिळतो. रोमनमध्ये टाइप केलं की युनिकोड मराठी उमटतं.

नव्या लॅपटॉपसोबत विकतच्या अँटिव्हायरसची ट्रायल येते. ती असेपर्यंत विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, बाजूला बसतो. मुदत संपली की ‘आता पैसे भरा’च्या खिडक्या बंद करत बसू नका. तो प्रोग्रॅम अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा, डिफेंडर आपोआप कामाला लागतो. दोन अँटिव्हायरस एकत्र चालवल्याने सुरक्षा दुप्पट होत नाही, फक्त मशीन रखडतं.

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. जुन्या प्रोसेसरमुळे ११ वर जाता येत नसेल तर वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. त्यासाठी २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक येते, त्यात सेटिंग्ज सिंक करण्याचा पर्याय निवडला तर पैसे पडत नाहीत. त्यानंतर मात्र त्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाकावी हे उत्तम. बँकेचं काम, यूट्यूब, चिठ्ठ्याचपाट्या एवढ्याला ती सहज पुरते.

रोजचं खातं साधं ठेवा

घरातल्या बहुतेक मशीनवर एकच खातं असतं आणि ते ॲडमिनिस्ट्रेटर असतं. मुलाने गेम म्हणून चालवलेल्या फाइलला मग सगळ्या खोल्यांची मुभा मिळते. उपाय दहा मिनिटांचा आहे, पण क्रम चुकवू नका. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्समध्ये नवं खातं काढा. मायक्रोसॉफ्ट खातं विचारलं तर ‘माझ्याकडे या व्यक्तीची माहिती नाही’ आणि पुढे ‘मायक्रोसॉफ्ट खात्याविना’ हे पर्याय निवडा. त्या खात्याला ॲडमिनिस्ट्रेटर करा, पासवर्ड द्या, एकदा त्यातून लॉगिन होऊन पाहा. मग त्याच खात्यातून तुमचं जुनं खातं ‘स्टँडर्ड युजर’ करा. फाइल्स जागच्या जागी राहतात. यापुढे काही इन्स्टॉल करताना नव्या खात्याचा पासवर्ड मागितला जाईल. आपण काहीच इन्स्टॉल करत नसताना ती खिडकी आली, तर ‘नो’ म्हणायचं. काही जुनी हिशेबाची सॉफ्टवेअरं स्टँडर्ड खात्यात कुरकुर करतात. तेवढीच उजव्या क्लिकने ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करा.

फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, शो, ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करा. म्हणजे ‘बिल.पीडीएफ’ वाटणाऱ्या फाइलचं खरं शेपूट ‘.ईएक्सई’ आहे हे दिसेल. (फोनवर हाच डाव लग्नपत्रिकेच्या नावाने येणाऱ्या ‘.एपीके’ फाइलचा असतो. पत्रिका पाहायला ॲप लागत नाही.)

एक गोष्ट मात्र आजच, हातातलं काम सोडून तपासा. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथे डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचा डेटा किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशी सोय. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की ते बऱ्याच लॅपटॉपवर न विचारता चालू होतं. लॅपटॉप चोरीला गेला तर त्याचा मोठा उपयोग आहे. पण मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) फेरफार झाला, की मशीन ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर फोटो, कागदपत्रं गेली, कुठलाही दुरुस्तीवाला काढून देऊ शकत नाही. मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावर डिव्हाइसेसमध्ये ती असते. कागदावर उतरवून घराच्या कागदपत्रांसोबत कपाटात ठेवा.

ब्राउझर: सगळा त्रास इथून आत येतो

स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस’ असं सारखं येतंय? बहुतेक वेळा तो व्हायरस नसतो, तुम्हीच कधीतरी ‘अलाउ’ दाबून परवानगी दिलेल्या साइटचं नोटिफिकेशन असतं. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. यादीतल्या अनोळखी साइट काढा आणि परवानगी विचारणंच बंद करा. फॉरमॅट मारायला सांगणाऱ्याला द्यायचे पैसे वाचले.

पूर्ण स्क्रीन व्यापून भोंगा वाजवणारं, फोन नंबर देणारं पान आलं तर नंबर लावू नका. एस्केप दाबून धरा. नाही गेलं तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा, आणि पुन्हा उघडल्यावर ‘रिस्टोअर’ म्हणू नका. ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ म्हणत विंडोज आणि आर, मग कंट्रोल व्ही, मग एंटर दाबायला सांगणारी पानंही फिरतात. त्या तीन दाबांत तुम्ही स्वतःच्या हाताने चोराची आज्ञा चालवता. खरा कॅप्चा ब्राउझरच्या बाहेर कधीच जायला सांगत नाही.

जाहिराती अडवायला फायरफॉक्स ब्राउझर आणि त्यावर युब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) ही जोडी घ्या. क्रोमच्या नव्या नियमांमुळे तिथे हे पूर्ण रूपात चालत नाही, युब्लॉक ओरिजिन लाइट चालतं. हा प्रश्न निव्वळ कटकटीचा नाही. सर्चच्या वरच्या ओळीत जाहिरात देऊन नकली कस्टमर केअर नंबर आणि नकली डाउनलोड पानं मांडली जातात. जाहिरातच दिसली नाही तर बराचसा धोका टळतो. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो, तोच वापरा. बाकीची, कधी काळी टाकलेली एक्स्टेन्शन्स काढून टाका. ‘सर्व साइटवरचा डेटा वाचणे व बदलणे’ अशी परवानगी असलेलं एक्स्टेन्शन तुमचं बँकेचं पानही वाचू शकतं.

इन्कॉग्निटोबद्दल गैरसमज फार. त्याने त्या मशीनवरचा इतिहास राहत नाही, इतकंच. इंटरनेट कंपनीला तुम्ही कुठे गेलात ते दिसतंच. फुकट व्हीपीएन (तुमचं इंटरनेट आपल्या सर्व्हरमधून फिरवणारी सेवा) टाकलं तर तेच आता व्हीपीएनवाल्याला दिसतं, आणि तो फुकट का देतो याचा विचार करा. घरून बँकेचं काम करायला व्हीपीएन लागत नाही.

पासवर्ड

पासवर्ड सांभाळणाऱ्या बिटवॉर्डन या ॲपची फुकट आवृत्ती घ्या. इंटरनेटवर काहीच ठेवायचं नसेल तर कीपासएक्ससी. दोन्हीत लक्षात ठेवायचा पासवर्ड एकच. तो पाच असंबद्ध शब्दांचा करा, जसे रोमनमध्ये लिहिलेले ‘पाटा कंदील फलाट भोपळा सुतळी’. (हेच नको, आपले शोधा.) अभंगाची ओळ, मुलांची नावं, गाडीचा नंबर नको. हा पासवर्ड विसरलात तर बिटवॉर्डनही परत देऊ शकत नाही, म्हणून तोही कागदावर, कपाटात. घरफोडी करणारा चोर बिटवॉर्डन शोधत नसतो.

सगळे पासवर्ड एका दिवसात बदलू नका, कंटाळून अर्धवट सोडाल. आधी मुख्य ईमेल, कारण बाकी सगळ्याचे ‘पासवर्ड विसरलो’ तिथेच येतात. मग बँक, मग सोशल मीडिया. बाकीचे जसे लागतील तसे.

ईमेलला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा, शक्यतो एसएमएसऐवजी एजिससारख्या ॲपने. सिमची डुप्लिकेट काढणाऱ्याला एसएमएस मिळतो, ॲपमधला दर ३० सेकंदांनी बदलणारा आकडा मिळत नाही. आकडा चुकीचा दाखवत असेल तर फोनचं घड्याळ पाहा, ते ऑटोमॅटिक हवं. गूगल १० बॅकअप कोड देतं, ते छापून घ्या. फोन हरवल्यावर तेच तारतात.

आधार आणि झेरॉक्सचं दुकान

ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष. हा नियम जगजाहीर आहे, त्यामुळे ते कुलूप नुसतं दिखाऊ. कुठेही द्यायचं असेल तर ‘मास्क्ड आधार’ डाउनलोड करा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवर बायोमेट्रिक लॉक (बोटांच्या ठशांना कुलूप) लावता येतं. पण रेशन दुकानात अंगठा लावताना ते अडवेल, म्हणून निघण्याआधी तात्पुरतं उघडा. झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब उघडलं असेल तर घरी आल्यावर ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून ते काढा. आपल्या नावावर किती सिम आहेत ते संचार साथीच्या पोर्टलवर फुकट पाहता येतं.

राउटरचं एकदाच करायचं काम: १९२.१६८.१.१ किंवा राउटरच्या मागे लिहिलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाका, ॲडमिनचा पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (बटणाने किंवा पिनने वाय-फायला जोडण्याची सोय) बंद, वाय-फायची सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा ३. जमल्यास डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) ९.९.९.९ ठेवा, ही क्वाड९ची फुकट सेवा माहितीतल्या घातक साइट उघडूच देत नाही.

बॅकअपला मात्र एक एक्स्टर्नल डिस्क लागते, या सगळ्यातला बहुधा हा एकच खर्च. ती महिन्यातून एकदा लावायची, फाइल्स कॉपी करायच्या आणि काढून ठेवायची. कायम जोडलेली डिस्क रॅन्समवेअर, म्हणजे खंडणीसाठी फाइल्स अडवणारा व्हायरस, मशीनसोबतच कुलूपबंद करतं.

आणि तरीही पैसे गेले तर

‘आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल’ अशा मेसेजनंतर कोणाच्या सांगण्यावरून एनीडेस्क किंवा तसलं, दुरून मशीनचा ताबा देणारं ॲप टाकलं असेल, तर आधी वाय-फाय बंद करा. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधी गोठवता आले तरच परत येण्याची आशा, म्हणून बँकेची शाखा उघडायची वाट पाहू नका. बँकेच्या नंबरवर कार्ड आणि यूपीआय ब्लॉक करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार पूर्ण करा, पोचपावतीचा नंबर जपून ठेवा आणि मेसेज, स्क्रीनशॉट पुसू नका. मग दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून ईमेलचा पासवर्ड बदला आणि सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करा. चोरलेल्या कुकीजवर (ब्राउझरमध्ये राहिलेल्या लॉगिनच्या खुणांवर) पासवर्डाविनाही लॉगिन टिकू शकतं. शेवटी त्या मशीनवर रिकव्हरीमधून ‘रीसेट धिस पीसी’, ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ आणि ‘क्लाउड डाउनलोड’. त्याला ४ जीबी किंवा त्याहून जास्त डेटा लागतो.