घरच्या घरी कोंबडीची अंडी उबवताना

खुडूक बसलेली गावठी कोंबडी २१ दिवसांत जे काम बिनबोभाट उरकते, ते यंत्राकडून करून घ्यायचे ठरवले की ऊब, ओलावा आणि अंडी फिरवणे या तिन्ही गोष्टी आपल्या अंगावर येतात. घरात खुडूक कोंबडी असेल तर पहिल्या खेपेस तिच्याखालीच दहा-बारा अंडी ठेवावीत. नसेल तरच यंत्राकडे वळावे.

दुकानातील पांढरी अंडी उबवून पिल्ले निघत नाहीत, कारण त्या कोंबड्या कोंबड्याविना पाळलेल्या असतात. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा असलेल्या ठिकाणचीच अंडी घ्यावीत. ती तडे न गेलेली, मध्यम आकाराची, स्वच्छ आणि शक्यतो सात दिवसांच्या आतली असावीत. मळलेली अंडी धुऊ नयेत. धुतल्याने कवचावरचा संरक्षक थर जातो आणि जंतू आत शिरतात. साठवताना रुंद टोक वर ठेवावे आणि जागा थंड निवडावी, कारण उन्हाळ्यातील घरच्या उष्णतेत गर्भाची अर्धवट वाढ सुरू होऊन तो पुढे मरतो.

यंत्र अंडी ठेवण्याआधी किमान एक दिवस रिकामे चालवून पाहावे. पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सियस, तर पंखा नसलेल्या यंत्रात अंड्यांच्या माथ्याच्या उंचीवर सुमारे ३८.५ अंश तापमान हवे. तापमान थोडे उतरले तर पिल्ले उशिरा निघतात, पण दोन-तीन अंशांनी चढून काही तास तसेच राहिले तर सगळी अंडी वाया जाऊ शकतात. म्हणून यंत्र उन्हात किंवा पत्र्याखाली ठेवू नये. वीज गेल्यास झाकण न उघडता वरून गोधडी टाकावी. तास-दोन तासांच्या खंडाने सहसा बिघडत नाही.

ओलाव्याचा हिशेब मात्र नवशिक्यांना हमखास चुकवतो. पहिले १८ दिवस आर्द्रता ५० ते ५५ टक्के असावी, म्हणजे अंड्यातील पाणी हळूहळू उडून रुंद टोकाची हवेची पोकळी वाढते आणि पिल्लाला पहिला श्वास तिथेच मिळतो. यंत्रात पाणी किती ठेवायचे हे ऋतूवर ठरते: कोकणातल्या पावसाळ्यात भांडे कोरडे ठेवले तरी चालू शकते, विदर्भाच्या मे महिन्यात तेच भांडे दिवसातून दोनदा भरावे लागेल. आर्द्रतामापक खरे सांगतो का, हे पाहण्यासाठी वाटीत मीठ घेऊन त्यात थोडे पाणी घालून ओलसर करावे आणि मापकासह हवाबंद डब्यात काही तास ठेवावे; तिथे तो सुमारे ७५ टक्के दाखवायला हवा.

अंडी दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवावीत. विषम संख्या अशासाठी की रात्रीचा लांब काळ रोज एकाच बाजूवर जात नाही. फिरवले नाही तर गर्भ कवचाला चिकटतो. सातव्या दिवशी अंधारात अंड्यामागे टॉर्च धरावा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रक्तवाहिन्या दिसल्या तर वाढ चालू आहे, अंडे पूर्ण पारदर्शक दिसले किंवा आत नुसते लाल कडे दिसले तर ते काढून टाकावे.

अठराव्या दिवशी फिरवणे बंद करावे, आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांपर्यंत न्यावी आणि त्यानंतर झाकण उघडू नये. पहिली टोच दिसल्यावर पिल्लू बाहेर यायला १२ ते २४ तासही लागतात. याच वेळी हात शिवशिवतात, पण कवच सोलू नये: रक्तवाहिन्या अजून सुकलेल्या नसतात आणि बलक पोटात ओढला जायचा असतो. तोच बलक पिल्लाला सुमारे दोन दिवस पुरतो, त्यामुळे पिसे पूर्ण सुकेपर्यंत त्याला यंत्रातच राहू द्यावे.

नंतर पिल्ले बल्बखालच्या खोक्यात हलवावीत. तेथे पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश ऊब ठेवून ती दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी कमी करावी. पिल्ले बल्बखाली घोळका करून बसली तर ऊब कमी आहे, कडेला पळून चोच उघडी टाकत असतील तर जास्त आहे. पाण्याच्या उथळ भांड्यात खडे टाकावेत, म्हणजे कोणी बुडणार नाही. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची पहिली लस साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावी.