शहराच्या दुरवस्थेचा जाब नेमका कोणाला विचारावा

जळगाव, धुळे, भुसावळ किंवा नंदुरबार, यांपैकी कोणत्याही शहरात पावसाळ्याच्या दिवसांत चहाच्या टपरीवर दहा मिनिटे उभे राहिले की रस्त्यांचा विषय निघतो आणि थोड्याच वेळात तो एखाद्या पक्षावर जाऊन थांबतो. यांच्या काळात शहराचे वाटोळे झाले असे एक जण म्हणतो, त्यांच्या काळात काय सोन्याचे रस्ते होते का, असे दुसरा विचारतो, आणि चहा संपतो तेव्हा खड्डा होता तिथेच असतो. लोकांचा राग रास्त आहे. तो चुकीच्या दारात नेऊन टाकला जातो आणि ज्याने उत्तर द्यायला हवे तो निवांत राहतो, ही खरी अडचण आहे. दोष नेमका कोणाचा हे कसे शोधायचे, हे गेल्या काही वर्षांत कॉलनीच्या कामांसाठी कार्यालयांच्या पायऱ्या चढताना मी शिकलो आणि ते येथे लिहीत आहे.

पहिले काम म्हणजे बिघडलेली वस्तू कोणाच्या मालकीची आहे ते ठरवणे. शहरातला प्रत्येक रस्ता महापालिकेचा असतो असे आपण गृहीत धरतो, पण तसे नसते. जळगावातून जाणारा महामार्ग, ज्याला जुने लोक अजूनही सहा नंबरच म्हणतात, तो आता राष्ट्रीय महामार्ग ५३ आहे आणि शहरातील त्याच्या चौपदरीकरणाचे काम भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने केले. त्या रस्त्यावरील खड्ड्यासाठी नगरसेवकाला घेराव घालणे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. रेल्वे उड्डाणपुलाच्या बाबतीत रुळांवरचा भाग रेल्वे बांधते, दोन्ही बाजूंचे पोहोच रस्ते बहुतेक वेळा राज्याची यंत्रणा करते आणि आड येणारे विजेचे खांब हलवण्याचे काम महावितरणशी निगडित असते, त्यामुळे पूल रखडला तर या तिघांपैकी कोणाचे काम कोणत्या तारखेपासून थांबले आहे हे आधी विचारावे. रस्त्याकडेला किलोमीटरचा दगड असेल तर त्याचा माथा पाहावा. पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग. नव्या वसाहतींत आणखी एक गोम असते. शेत बिनशेती करून पाडलेल्या प्लॉटांमधील रस्ते विकासकाने पालिकेकडे रीतसर हस्तांतरित केलेलेच नसतात, आणि मग पालिका हात झटकते. अशा वेळी मंजूर ले-आउटची प्रत नगररचना विभागातून मिळवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पाण्याचे गणित याहून गुंतागुंतीचे आहे, कारण ते एका साखळीने नळापर्यंत येते. जळगावला वाघूर धरणातून पाणी मिळते, भुसावळची भिस्त तापीच्या पात्रावर आणि हतनूर धरणातून ठरावीक काळाने सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर, म्हणजे आवर्तनावर, आहे, आणि धुळ्याला तापी योजना, नकाणे तलाव आणि अक्कलपाडा धरण असे वेगवेगळे आधार आहेत. धरण जलसंपदा विभागाचे, पंप चालवणारी वीज महावितरणची, तर जलशुद्धीकरण केंद्र, जलकुंभ, वाहिन्या आणि व्हॉल्व्ह उघडणारा कर्मचारी पालिकेचा. उन्हाळ्यात धरणच आटले तर पालिकेवर ओरडून काही साधत नाही. परंतु धरण भरलेले असताना आपल्या गल्लीत तीन-चार दिवस पाणी येत नसेल आणि दोन गल्ल्यांपलीकडे एक दिवसाआड येत असेल, तर दोष पावसाचा नाही आणि धरणाचाही नाही, तो वितरणाचा आहे. म्हणून तक्रारीआधी निदान पंधरा दिवस एका वहीत तारीख, पाणी आल्याची वेळ, गेल्याची वेळ आणि दाब एवढे लिहून ठेवावे आणि शेजारच्या प्रभागातील एखाद्या परिचिताला तसेच लिहायला सांगावे. दोन वह्या शेजारी ठेवल्या की साखळी कुठे तुटते ते बऱ्याचदा पाणीपुरवठा अभियंत्याच्या आधी आपल्याला कळते.

वस्तू कोणाची हे कळल्यावर काळ पाहावा, आणि माझ्या मते सर्वांत जास्त गफलत येथेच होते. शहराची आजची अवस्था आजच्या सत्ताधाऱ्यांनीच केली असे आपण धरून चालतो. जळगावचे उदाहरण घ्या. तेथे २००३ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. धुळ्याचीही त्याच वर्षी झाली. २०१८ च्या निवडणुकीत जळगावात भारतीय जनता पक्षाला ७५ पैकी ५७ जागा मिळाल्या. पुढे मार्च २०२१ मध्ये त्याच पक्षाच्या नगरसेवकांचा एक गट फुटला आणि महापौरपद शिवसेनेकडे गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासकाचा कारभार सुरू झाला. म्हणजे २०१८ नंतरच्या पाच-सहा वर्षांत त्या एकाच इमारतीत तीन वेगवेगळे धनी होऊन गेले. २०२० साली मंजूर झालेले, २०२२ साली सुरू झालेले आणि २०२४ साली बिल निघालेले काम खराब निघाले, तर दोष कोणत्या एका पक्षाच्या माथी मारणार? म्हणून कागदावर उभ्या रेषा मारून वर्षांचा तक्ता करावा: कोणत्या वर्षी कोणाची सत्ता, आयुक्त किंवा मुख्याधिकारी कोण, राज्यात कोणाचे सरकार, आणि आपले काम त्या वर्षी कोणत्या टप्प्यावर होते. हा तक्ता भरताना स्वतःच्या आवडत्या पक्षालाही तीच पट्टी लावावी. ते जड जाते, परंतु तक्त्याला अर्थ त्यानेच येतो.

प्रशासकाच्या काळाबद्दल थोडे अधिक सांगणे गरजेचे आहे. संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून अमलात आली, नागरी संस्थांची मुदत पाच वर्षांपेक्षा जास्त असू शकत नाही आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी असे ठरवले आहे. तरीही आरक्षणाच्या आणि प्रभागरचनेच्या वादात महाराष्ट्रातील निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या, मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या घेण्याचा आदेश दिला, आणि जळगाव व धुळ्यासह २९ महानगरपालिकांचे मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. मधल्या काळात सभागृहाचे आणि स्थायी समितीचे अधिकार प्रशासक म्हणून आयुक्तच वापरत होते, आणि आयुक्ताची नेमणूक राज्य शासन करते. त्या काळातील कामांचा जाब माजी नगरसेवकाला विचारण्यात अर्थ नाही; तो प्रशासनाला आणि नगरविकास विभागाला विचारावा. उलट, जे माजी नगरसेवक त्याच काळातील कामांचे श्रेय घेणारे फलक लावतात, त्यांनाही नम्रपणे विचारावे की तेव्हा आपण कोणत्या अधिकाराने ते काम केलेत.

अधिकारांची उतरंड थोडक्यात अशी आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ मध्ये महापालिकेने जी कामे केलीच पाहिजेत त्यांची यादी आहे आणि कलम ६६ मध्ये ऐच्छिक कामांची. ही दोन कलमे मराठीत वाचून ठेवावीत, कारण तोंडावर दिले जाणारे 'ते आमच्याकडे येत नाही' हे उत्तर बहुतेक वेळा तेथेच खोडता येते. नगरपरिषदांसाठी १९६५ चा वेगळा अधिनियम आहे. आमदार आणि खासदार स्वतःच्या निधीतून रस्ता किंवा सभामंडप देतात, जिल्हा नियोजन समिती पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली निधी वाटते, परंतु रोजची सफाई, दिवाबत्ती आणि गटारी यांच्याशी त्यांचा थेट संबंध नसतो.

आता पैशाकडे वळू. शहर का रखडले याचे उत्तर शोधताना आपण भ्रष्टाचारापाशी थांबतो, आणि भ्रष्टाचार नसतो असे मी मुळीच म्हणणार नाही, पण तिजोरीची कहाणी त्याहून जुनी आहे. पूर्वी शहराच्या वेशीवरच्या नाक्यावर जकात घेतली जाई आणि ते पालिकेच्या हक्काचे उत्पन्न होते. ती जाऊन स्थानिक संस्था कर आला, तोही ऑगस्ट २०१५ पासून बहुतांश व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला, आणि १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आल्यावर पालिका राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर अवलंबून राहिली. हक्काचे म्हणून मुख्यतः मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि गाळ्यांचे भाडे उरले. जळगावात तर नगरपालिकेच्या काळात घरकुलांसह विविध योजनांसाठी काढलेले हुडको या केंद्र सरकारच्या वित्तसंस्थेचे कर्ज महापालिकेच्या मानगुटीवर दीर्घकाळ बसून होते, आणि संकुलांतील गाळ्यांची मुदत २०१२ मध्ये संपल्यानंतर त्यांच्या भाड्याचा वाद वर्षानुवर्षे चालला. ज्या मुलाचा तेव्हा जन्मही झाला नव्हता तो आज त्या कर्जाची किंमत खड्ड्यातून सायकल चालवत मोजतो. म्हणून पालिकेचे अंदाजपत्रक मिळवून आधी खर्चाची नव्हे तर जमेची बाजू वाचावी: मालमत्ता कराची मागणी किती, वसुली किती, मागील थकबाकी किती. मोठे थकबाकीदार कोण हे पाहणेही तितकेच आवश्यक आहे, कारण तेथे कधी कधी शासकीय कार्यालयेही निघतात. आपल्या घराचा कर भरलेला असावा, हे सांगायला नकोच.

हे सगळे तोंडी राहिले तर त्याचा उपयोग नाही. कागद हाती लागतो तेव्हाच समोरचा माणूस खुर्चीत सरळ बसतो. आमच्या कॉलनीतला प्रसंग सांगतो. खान्देशातील ज्या शहरात तो घडला त्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही. जलवाहिनीसाठी रस्त्याच्या मधोमध चर खोदला गेला, वाहिनी टाकून झाल्यावर तो मातीने बुजवला, आणि पहिल्याच जोरदार पावसात शाळेच्या मुलांची रिक्षा त्यात चाकापर्यंत रुतली. आम्ही सगळे तडक नगरसेवकाच्या घरी गेलो आणि त्यांना नको नको ते बोललो. त्यांनीही वरच्या सरकारकडे बोट दाखवले. पंधरा दिवस वाया गेले. मग निवृत्त ओव्हरसियर असलेल्या आमच्या शेजारच्या काकांनी सांगितले, "भाऊ, भांडू नका, एम.बी. मागा."

एम.बी. म्हणजे मोजमाप पुस्तिका. काम झाल्यावर अभियंता तिच्यात लांबी, रुंदी, जाडी आणि त्यावरून निघणारे परिमाण लिहितो, आणि ठेकेदाराचे बिल त्या आकड्यांवर निघते. आम्ही माहितीच्या अधिकारात कार्यारंभ आदेश, निविदेतील कामाची यादी आणि आमच्या गल्लीपुरती मोजमाप पुस्तिकेची पाने मागितली. यादीत रस्ता पूर्ववत करणे ही बाब स्वतंत्रपणे होती आणि पुस्तिकेत चराच्या पूर्ण लांबीवर खडी आणि डांबर घातल्याची नोंद होती. रविवारी सकाळी आम्ही चौघे टेप घेऊन रस्त्यावर उतरलो. डांबर होते ते कोपऱ्यावरच्या अकरा मीटरपुरते. पुढे सगळी माती. मोजलेले आकडे आणि पुस्तिकेतले आकडे आम्ही एकाच कागदावर समोरासमोर लिहिले, चार छायाचित्रे जोडली आणि अर्ज दिला. त्या अर्जात कोणत्याही पक्षाचे नाव नव्हते. दिवाळीच्या आत अर्धा रस्ता झाला, उरलेला पुढच्या वर्षी. मी नंतर त्या नगरसेवकांकडे जाऊन दिलगिरी व्यक्त केली.

असा अर्ज करणे अवघड नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही लागत नाही. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत असावा लागतो, म्हणून रस्ता, पाणी आणि गटार यांची खिचडी करू नये. 'का' असे विचारू नये, कारण कारणे देणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही असे सांगून अर्ज परत येतो. कागदाचे नाव घेऊन प्रत मागावी. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी कलम ६(३) प्रमाणे त्यांनी तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो, त्यामुळे टोलवाटोलवी सुरू झाली की हे कलम लेखी दाखवून द्यावे. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर त्याच कार्यालयातील अपिलीय अधिकाऱ्याकडे पुढच्या तीस दिवसांत वीस रुपयांच्या स्टॅम्पसह पहिले अपील करावे, आणि त्यानंतर नव्वद दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरे. आपल्यासाठी आयोगाचे खंडपीठ नाशिकला आहे. फारच कमी लोकांना ठाऊक असलेली एक गोष्ट अशी की याच कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे.

कागद हाती आल्यावर तक्रार लिहावी आणि त्यात चार गोष्टी असाव्यात: जागा, तारीख, कागदात काय लिहिले आहे आणि जमिनीवर काय आहे. काम दोष दायित्व कालावधीत असेल तर ते ठळकपणे नमूद करावे, कारण त्या मुदतीत ठेकेदाराला दुरुस्ती स्वखर्चाने करावी लागते आणि पालिकेला पैसे नसल्याची सबब सांगता येत नाही. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. दाद लागली नाही तर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणाऱ्या लोकशाही दिनाची, म्हणजे अधिकारी नागरिकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात त्या दिवसाची, वाट आहे. तेथे आधीच्या अर्जाची पोच मागतात, म्हणून ती फाइलमध्ये सर्वांत वर ठेवावी. ही फाइल एकाच्या घरी न ठेवता तिच्या दोन प्रती कराव्यात आणि एक कॉलनीतील एखाद्या कॉलेजच्या मुलाकडे किंवा मुलीकडे द्यावी. आमची दुसरी प्रत बारावीतल्या एका मुलीकडे आहे, आणि पथदिव्यांचा पुढचा अर्ज तिनेच लिहिला आहे.