मृगाआधी कॅक्टसचं बूड तपासा

मृग तोंडावर आलाय. गॅलरीत, गच्चीवर किंवा छोट्या रोपवाटिकेत मॅमिलेरिया, जिम्नोकॅलिशियम, पॅरोडिया, एकायनॉप्सिस असे फुलणारे छोटे निवडुंग ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी या आठवड्यात बाकीची कामं बाजूला ठेवावीत. प्रत्येक झाड कुंडीतून बाहेर काढा आणि मुळांच्या मधोमध कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुश्याचा) गोळा राहिलाय का ते बघा.

जुलै-ऑगस्टमध्ये लोक मेलेली झाडं दाखवायला आणतात, त्यातल्या बहुतेकांचं कारण हा गोळाच असतो. नर्सरीतलं रोप घरी आणतात, छान कुंडीत ठेवतात, भोवती चांगली माती भरतात, पण आतला गोळा तसाच राहतो. बाहेरची माती दोन दिवसांत सुकते, गोळा मात्र आत ओलाच. उन्हाळ्यात याच्या उलट होतं. एकदा खडखडीत वाळलेलं कोकोपीट पटकन पाणी धरत नाही, सगळं पाणी कडेनं निघून जातं. झाड सुरकुततं, म्हणून माणूस आणखी पाणी घालतो. मग झड लागते, गोळा भिजतो तो भिजतोच, आणि फ्युजॅरियम, फायटोफ्थोरा यांसारखे कूज आणणारे रोगजंतू बुडातून आत शिरतात. वरून झाड हिरवंगार, डोक्यावर फूलसुद्धा असतं. बोटानं जरा ढकललं की आडवं होतं, आणि खाली तपकिरी, आंबूस वासाचा लगदा सापडतो.

गोळा काठीनं हळूहळू मोकळा करा. सुटत नसेल तर पाण्यात भिजवून धुवा. उघडी मुळं सावलीत कागदावर 5-7 दिवस वाळू द्या, मग कोरड्या मिश्रणात लावा. पहिलं पाणी आठवड्यानंतर.

मिश्रण घरीच करा. चाळून बारीक भाग काढलेली जाड वाळू 2 भाग, विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे 1 भाग, जुनं चाळलेलं शेणखत 1 भाग, मूठभर कोळसा. समुद्राची खारी वाळू नको. ‘कॅक्टस मिक्स’ची महागडी पिशवी दुकानदार हातात देईल, ती आधी उघडून बघा. कित्येकदा आत पुन्हा कोकोपीटच असतं. ‘फुलांचं टॉनिक’ही घेऊ नका. या झाडांना फूल येतं ते भरपूर उजेडानं आणि हिवाळ्यातल्या कोरड्या विश्रांतीनं.

कूज लागलेलं झाड लगेच टाकू नका. सुरी स्पिरिटनं पुसून बुडाकडून चकत्या काढत वर या, प्रत्येक कापाला सुरी पुन्हा पुसा. कापाच्या मध्ये एक गोल कडं दिसतं. ते तांबूस आहे तोवर कापत राहा, पांढरट-हिरवं स्वच्छ दिसलं की थांबा. कापावर गंधकाची भुकटी लावा आणि दहा-पंधरा दिवस उभं वाळवा. शेजारच्या कुंड्यांना कॉपर ऑक्सिक्लोराइड 50 टक्के या बुरशीनाशकाची, लिटरला 2.5 ग्रॅम, या नेहमीच्या मात्रेनं एकदा आळवणी द्या, म्हणजे ते पाणी मुळाशी ओता. पण गोळा आत ठेवून कितीही औषध ओता, झाड वाचत नाही.

पिल्लांचंही, म्हणजे झाडाला बाजूनं फुटणाऱ्या छोट्या रोपांचंही, तेच. मॅमिलेरियाची, एकायनॉप्सिसची पिल्लं हलकी पिळली की सुटतात. जखमेवर कोरडी खपली धरेपर्यंत लावायची नाहीत, आणि लावल्यावर मुळं फुटेपर्यंत पाणी जवळजवळ नाहीच. माझा अनुभव असा की फेब्रुवारी-मार्चमध्ये काढलेली पिल्लं पटकन धरतात. पावसात काढलेली निम्मी-अधिक सडतात, म्हणून आता काढू नका.

इतर कामं :
– कुंडीची भोकं मोकळी करणे, खालची बशी काढणे
– वर चिकटवलेले रंगीत खडे उखडून टाकणे
– पत्र्याखाली, पण उजेडात आणि वाऱ्यावर ठेवणे, पागोळीखाली नाही
– पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड) : कापसानं स्पिरिट लावणे, मुळांवर असल्यास इमिडाक्लोप्रिड 17.8 एसएल हे कीटकनाशक, लिटरला 0.5 मिली, हातमोजे घालून, घराबाहेर
– लाल कोळी : कडुनिंबाचं तेल लिटरला 5 मिली आणि साबण, संध्याकाळी
– नोव्हेंबर ते जानेवारी पाणी जवळजवळ बंद

पावसाळ्यात पाणी कधी द्यायचं हे वार ठरवून होत नाही. उदबत्तीची काडी तळापर्यंत खुपसा, तासाभरानं काढा. ओली किंवा गार लागली तर पाणी नाही. कोकणात सलग झडीचे महिनाभर मी पाणी अजिबात देत नाही, आणि झाडं मरत नाहीत.

हा सल्ला वाचेपर्यंत पाऊस सुरू झालाच असेल आणि कुंडी भिजली असेल, तरी झाड बाहेर काढून गोळा सोडवा, मुळं पंख्याखाली वाळवा आणि उघडीप मिळेपर्यंत झाड मातीविना, वर्तमानपत्रावर तसंच ठेवा. पंधरा-वीस दिवस ते आरामात टिकतं.