सगळे बघत असतात तेव्हा मदतीला हात कसा लावायचा

रस्त्यात कुणी कोसळलं की भोवती गर्दी जमते आणि प्रत्येकाला वाटतं, एव्हाना कुणीतरी फोन केलाच असेल. ग्रुपवर कुणी खचून काही लिहिलं की तेच होतं. जोडलेल्या हातांची रांग लागते, फोन मात्र एकाचाही जात नाही. माणसं निर्दय असतात म्हणून असं होत नाही. जॉन डार्ली आणि बिब लताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये एका प्रयोगात विद्यार्थ्यांना इंटरकॉमवर एकाला फिट आल्याचा आवाज ऐकवला. आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के जण झटका संपायच्या आत मदत मागायला उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटणाऱ्यांपैकी उठले फक्त ३१ टक्के. म्हणून जबाबदारी मोघम ठेवायची नाही, एकेकाच्या हातात द्यायची.

समोर कुणी पडलं असेल तर

"कुणीतरी अँब्युलन्स बोलवा" हा निरोप कुणालाच पोहोचत नाही. बोट दाखवून सांगा: "निळ्या शर्टातले दादा, तुम्ही अँब्युलन्सला फोन लावा, स्पीकरवर ठेवा आणि माझ्याजवळच थांबा." "ताई, तुम्ही वळणावर उभ्या राहून गाडीला हात करा." तिसऱ्याला गर्दी मागे सारायला लावा. शूटिंग करत असलेल्यालाही काम द्या.

माणूस शुद्धीवर असेल तर खाली बसा, म्हणजे त्याला मान वर करावी लागत नाही. आपलं नाव सांगा, हात लावण्याआधी विचारा. अर्धवट शुद्धीत असेल तर पाणी पाजू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

हाक मारून, खांदे हलवूनही प्रतिसाद नाही आणि श्वास नीट चालत नाही, अशा वेळी प्रौढ माणसाच्या छातीच्या मधोमध दाब द्यायचा: ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. दर २ मिनिटांनी माणूस बदला. दाबणाऱ्याला आपण दमलोय हे कळायच्या आधीच दाब उथळ झालेला असतो, त्यामुळे "मला जमतंय" हे ऐकायचं नाही. पुढचा माणूस आधीच पलीकडच्या बाजूला गुडघ्यांवर बसलेला हवा, म्हणजे अदलाबदलीत वेळ जात नाही.

ग्रुपवर कुणी खचलं असेल तर

आधी त्या व्यक्तीला वेगळा मेसेज करा: "तुझं वाचलं. आत्ता फोन करू का?" मग ग्रुपवर एवढंच लिहा: "मी बोलतोय त्याच्याशी. रात्री ९ नंतर कोण बोलेल?" त्याने काय सांगितलं ते ग्रुपवर टाकायचं नाही. जिवाची भीती वाटली तर सरळ विचारा, "आत्महत्येचे विचार येताहेत का?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर "हो" आलं तर एकट्याने सांभाळू नका. घरचं कुणीतरी, हेल्पलाइन किंवा डॉक्टर जोडून द्या, तोवर फोन ठेवू नका. "गुपित ठेव" अशी अट मान्य करू नका.

"अरे, सगळ्यांनाच त्रास असतो" किंवा "पॉझिटिव्ह राहा" या वाक्यांनी समोरचा गप्प होतो. त्याऐवजी त्याचंच म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगा: "म्हणजे तीन रात्री झोप नाही आणि घरी कुणाला सांगताही येत नाहीये." चुकलं तर तो दुरुस्त करेल, आणि तेही बोलणंच आहे.

कुणावर सगळे तुटून पडले असतील तर नाव आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट आधी घ्या, मग रिपोर्ट करा. निषेध म्हणूनसुद्धा ती पोस्ट पुढे पाठवू नका, पसरते ती शिवीच. पीडिताला विचारा, "मी उघड बोलू की नको?"

ॲडमिन किमान दोन ठेवा आणि पाळी आठवड्याची लावा. पाळी संपताना पुढच्याला एका ओळीत लिहून द्या: कोणाशी बोलणं चालू आहे आणि पुढचा फोन कधी करायचा आहे.