कॉलेजात जिम्नॅस्टिक्सची टीम उभी करायचीय? आधी प्रेक्षक जमवा

मी फोंड्याकडच्या एका कॉलेजात मुलींना जिम्नॅस्टिक्स शिकवतो, आणि दर जूनमध्ये कोणीतरी पीटीचे सर फोन करून विचारतात की आमच्याकडे पण सुरू करायचंय, पण बीम (तोल सांभाळायची अरुंद लाकडी पट्टी) नाय, लटकायचे बार नाय, काय करू? म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी ग्रेग मार्सडेनची गोष्ट ऐका. अमेरिकेत १९७२ ला शिक्षणात मुलगा-मुलगी भेद करायचा नाही असा कायदा आला, मग कॉलेजांना मुलींच्या टीम काढाव्याच लागल्या, आणि १९७५ ला सॉल्ट लेक सिटीच्या युटा युनिव्हर्सिटीने हे काम या तिथेच शिकणाऱ्या पोराच्या गळ्यात घातलं. तो स्वतः काही मोठा जिम्नॅस्ट नव्हता. तरी २०१५ ला रिटायर होईपर्यंत ४० सीझन, १० राष्ट्रीय विजेतेपदं, त्यातली १९८१ ते ८६ सलग सहा! पण मला त्याचं खरं डोकं दिसतं ते प्रेक्षक जमवण्यात. मुलींच्या जिम्नॅस्टिक्सला हजारो लोक तिकीट काढून यायला लागले, आणि हॉल भरला की मॅनेजमेंट आपोआप पैसे सोडतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तर कामाचं. पहिल्या वर्षी साधनांच्या मागे लागूच नका, फक्त फ्लोअर करा, म्हणजे गाद्यांवरच्या कोलांट्या-उड्या. गाद्या लागतील, त्या काथ्या भरून वर जाड रेक्झिन लावून गादीवाल्याकडून शिवून घेतल्या तरी चालतात, फक्त दोन गाद्यांमध्ये फट राहू देऊ नका, घोटा तिथेच मुरगळतो. आणि पावसाळा! मी पहिल्या वर्षी गाद्या फरशीवर तशाच ठेवल्या, आणि चतुर्थीची सुट्टी संपवून आलो तर खालून हिरवी बुरशी आणि असा वास की मुली हॉलात पाय ठेवीनात. लाकडी फळ्यांवर उभ्या ठेवा, ऊन पडलं की बाहेर काढा.

मुली कुठून आणायच्या? जिम्नॅस्ट शोधू नका, मिळणार नाहीत. फुगडी घालणाऱ्या, भरतनाट्यम केलेल्या, मल्लखांब येणारी एखादी असली तर सोनंच. पहिले दोन महिने मनगट गरम करणं, उडी मारून गुडघे वाकवून उतरणं, आणि कोलांटी, बस. कोलांटीत हनुवटी छातीला चिकटलेली हवी, वजन डोक्यावर नाही तर खांद्यांवर यायला हवं, आणि उठताना हात जमिनीला न लावता उठता आलं तरच पुढे जायचं. मग भिंतीला हँडस्टँड. धरणाऱ्याने बाजूला उभं राहून मांडीला धरायचं, समोर उभं राहिलात तर लाथ तोंडावर बसते (माझा चष्मा गेलाय दोनदा). मागे पडताना कोपर ताठ ठेवून हात टेकायचा नाही, हे रोज ओरडून सांगा, रोज म्हणजे रोज. दीपा कर्माकरची २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमधली प्रोडुनोव्हा (व्हॉल्टवरची फार अवघड, धोक्याची उडी) बघून एखादी पहिल्याच दिवशी विचारते, सर ती उडी कधी? तिला सांगा की दीपा लहानपणापासून तिच्या कोच नंदी सरांकडे घासत होती, तेव्हा कुठे चौथी आली.

स्पर्धा आपसातच घ्या, पण अमेरिकन कॉलेजांसारखी, म्हणजे सहा जणी करतात आणि वरच्या पाच जणींचे मार्क धरतात. एक पडली तरी टीम बुडत नाही, त्यामुळे घाबरट मुलगी पण उतरते.

आणि प्रेक्षक. २०२३ च्या नॅशनल गेम्सचं जिम्नॅस्टिक्स म्हापशाला पेडेच्या स्टेडियमात झालं तेव्हा माझ्या मुलींनी पहिल्यांदा खरा बीम बघितला, तोवर त्यांच्या आयांना हा सर्कशीचा प्रकार वाटायचा. आपला गोंयकार जत्रेला रात्रभर नाटक बघत बसतो, त्याला बसायची सवय आहेच, फक्त बोलवायला हवं. गॅदरिंगमध्ये वीस मिनिटं मागून घ्या, मधोमध, जेवणाच्या आधी. खुर्च्या गादीच्या तिन्ही बाजूंनी लावा आणि दोन मीटर तरी लांब, माईकवर एकजण प्रत्येक उडी सोप्या मराठीत सांगत राहू दे, आणि पहिल्या रांगेत प्रिन्सिपलच्या शेजारी मुलींच्या आया बसवा. दुसऱ्या वर्षाच्या गाद्यांचं बिल त्याच आठवड्यात पुढे करा.