शाळेच्या वकिलाने नियम मोडला तर: अमेरिकेतल्या पालकांनी तक्रार कशी करावी

आयईपीच्या, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलासाठी शाळेने करायच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्याच्या, मीटिंगला तुम्ही दोघं जाता. टेबलापलीकडे मुलाच्या बाई, शाळेच्या मानसशास्त्रज्ञ आणि स्पेशल एज्युकेशनच्या संचालक बसलेल्या असतात. त्यांच्या शेजारी लॅपटॉप उघडून एक अनोळखी गृहस्थ. ‘मी डिस्ट्रिक्टकडून आलोय,’ एवढीच ओळख ते करून देतात. तासाभराने कळतं की ते डिस्ट्रिक्टचे वकील आहेत.

अमेरिकेत सरकारी शाळा स्कूल डिस्ट्रिक्ट चालवतात आणि त्यांच्या वकिलाची फी करातून जाते, म्हणजे तुमच्याही खिशातून. तरी तो वकील तुमचा नसतो आणि तुमच्या मुलाचाही नसतो. त्याचं अशील म्हणजे डिस्ट्रिक्ट ही संस्था. त्याने डिस्ट्रिक्टची बाजू हिरिरीने मांडली, तुमच्या तज्ज्ञाची उलटतपासणी कडक घेतली, तुमची मागणी साफ नाकारली, तर तो त्याचं काम करतोय. मात्र तुमच्याशी किंवा न्यायाधीशाशी खोटं बोलण्याची मुभा त्याला नाही. ही रेघ नीट ओळखली की तक्रारीचं निम्मं काम झालं.

आधी ठरवा, राग नेमका कशाचा आहे

शाळेने स्पीच थेरपीचे तास कापले, हा डिस्ट्रिक्टचा निर्णय आहे. त्यासाठी राज्याच्या शिक्षण विभागाकडे तक्रार करता येते. घटना घडल्यापासून १ वर्षाच्या आत ती करायची आणि विभागाने साधारणपणे ६० दिवसांत निकाल द्यायचा. दुसरा रस्ता ड्यू प्रोसेस सुनावणीचा, म्हणजे त्रयस्थ न्यायाधीशापुढे डिस्ट्रिक्टविरुद्ध दाद मागण्याचा. त्याची मुदत बहुतेक राज्यांत २ वर्षं. आवाज उठवल्याबद्दल मुलाला किंवा तुम्हाला त्रास दिला जात असेल, तर केंद्रीय शिक्षण खात्याच्या ऑफिस फॉर सिव्हिल राइट्सकडे १८० दिवसांत जायचं.

वकिलांच्या शिस्तपालन यंत्रणेला, म्हणजे बोलीभाषेत ‘बार’ला, यातल्या कशातच रस नसतो. तिला एकच प्रश्न पडतो: या वकिलाने स्वतः काय केलं? ‘डिस्ट्रिक्टने आमच्यावर अन्याय केला आणि वकिलाने त्यांना साथ दिली’ अशी तक्रार पहिल्याच चाळणीत बाजूला पडते.

मोडलेला नियम शोधा

अमेरिकन बार असोसिएशनने १९८३ मध्ये वकिलांसाठी नमुना नियम स्वीकारले आणि राज्यांनी ते थोड्याफार फरकाने आपलेसे केले. न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि २०१८ पासून कॅलिफोर्नियातही क्रमांक बहुतांशी तेच आहेत. टेक्सासमध्ये ३.३ ला ३.०३ म्हणतात. शब्दांत फरक असतो, म्हणून आपल्या राज्याचा मजकूर उघडूनच क्रमांक लिहा. शाळेच्या प्रकरणांत पुढचे नियम सर्वांत जास्त उपयोगी पडतात.

नियम ४.३. तुम्ही वकील नेमलेला नसेल, तर समोरच्या वकिलाने आपण तटस्थ असल्याचं भासवायचं नाही. तुमचं हित त्याच्या अशिलाच्या हिताविरुद्ध असेल, तर ‘वकील नेमा’ याखेरीज कसलाही कायदेशीर सल्ला द्यायचा नाही. सुरुवातीला सांगितलेली अर्धवट ओळख म्हणूनच महत्त्वाची आहे. ‘तुम्हाला वकिलाची गरज नाही, सही करून टाका, मुलाच्या भल्याचंच आहे’ हे वाक्य लेखी मिळालं, तर त्याला मोल आहे. पण ‘या कलमाचा अर्थ आमच्या मते असा होतो’ एवढं सांगणं चालतं.

नियम ४.२. तुमचा वकील आहे हे ठाऊक असताना त्याला वगळून या प्रकरणाबद्दल डिस्ट्रिक्टच्या वकिलाने थेट तुमच्याशी बोलायचं नाही. इथे पालकांचा एक गोंधळ होतो. बाईंनी किंवा मुख्याध्यापकांनी तुमच्याशी बोलणं हा नियमभंग नव्हे, कारण पक्षकार आपसात बोलू शकतात.

नियम ३.३. न्यायाधिकरणासमोर वस्तुस्थिती किंवा कायदा जाणूनबुजून चुकीचा सांगायचा नाही, आणि आपल्या विरोधात जाणारा, बंधनकारक असलेला थेट निवाडा दडवायचा नाही. ड्यू प्रोसेसची सुनावणीही ‘न्यायाधिकरण’ या व्याख्येत येते. ‘ते काही खरं कोर्ट नाही’ असं कुणी म्हणालं, तर गप्प बसू नका. कॅलिफोर्नियात २००५ मध्ये ब्रेट हार्ट युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्टच्या प्रकरणात फेडरल न्यायालयाने डिस्ट्रिक्टवर आणि त्याच्या वकिलांवरही कारवाई केली होती. त्यांच्या लेखी युक्तिवादात वस्तुस्थिती आणि कायदा दोन्ही चुकीचे मांडले होते.

नियम ३.४. पुरावा दडवणं, बदलणं, साक्षीदाराला खोटं बोलायला शिकवणं. याच्याशी ४.१ (इतरांना खोटं सांगणं) आणि ८.४ (अप्रामाणिक वर्तन) जोडून येतात.

या सगळ्यांत अवघड शब्द आहे ‘जाणूनबुजून’. तो किती अवघड, हे अँटेलोप व्हॅलीच्या प्रकरणावरून कळतं. लॉस एंजेलिस काउंटीतल्या या हायस्कूल डिस्ट्रिक्टमध्ये दृष्टिदोष असलेल्या एका विद्यार्थ्याच्या आयईपीत खास शिक्षकाची मदत महिन्याला २४० मिनिटं लिहिली होती. डिस्ट्रिक्टने नंतर ती आठवड्याला ३०० मिनिटं अशी बदलली. बदल मुलाच्या फायद्याचा होता, पण आईला न सांगता केला होता. तिला तो कळला सुनावणीच्या पहिल्या दिवशी. २०१७ मध्ये नवव्या सर्किटच्या (पश्चिमेकडच्या राज्यांच्या) फेडरल अपील न्यायालयाने हा एकतर्फी बदल अमान्य केला. आईची मुद्दाम दिशाभूल केली की डिस्ट्रिक्ट आणि त्याच्या वकिलांचा तो निव्वळ गलथानपणा होता, हे तपासायला प्रकरण खाली पाठवलं. मुद्दाम केलं असेल, तर पुन्हा कुणी धजणार नाही एवढी कारवाई करा, असंही बजावलं. तुमच्या तक्रारीचा तपास याच प्रश्नाभोवती फिरणार आहे. म्हणून विधान खोटं होतं एवढं दाखवून भागत नाही. ते करताना वकिलाला खरं काय ते माहीत होतं, हे कागदावरून दिसायला हवं.

कागद गोळा करा

मुलाचं संपूर्ण रेकॉर्ड लेखी मागा. फेर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदींबाबतच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे डिस्ट्रिक्टला ते जास्तीत जास्त ४५ दिवसांत दाखवावं लागतं. स्पेशल एज्युकेशनमध्ये आयईपी मीटिंग किंवा सुनावणीच्या आधी दाखवावं लागतं. कॅलिफोर्नियात कामकाजाच्या ५ दिवसांत. आयईपीच्या सगळ्या आवृत्त्या मागा, फक्त शेवटची नको. छापल्याची तारीख आणि सहीचं पान सगळ्या आवृत्त्यांत ताडून पाहा.

मीटिंग रेकॉर्ड करायची असेल, तर राज्याचा कायदा आधी बघा. कॅलिफोर्नियात २४ तास आधी कळवलं की आयईपी मीटिंगचं ऑडिओ रेकॉर्डिंग हा पालकांचा हक्क आहे, पण न सांगता केलेलं रेकॉर्डिंग तुमच्याच अंगलट येईल. फोनवर बोलणं झालं, तर त्याच दिवशी साधा ईमेल टाका: ‘आज दुपारी ३ वाजता आपण म्हणालात की… माझा समज चुकीचा असल्यास कळवावं.’ उत्तर आलं नाही, तरी तारखेसकट नोंद उरते. इंग्रजीत अडचण असेल, तर आयईपी मीटिंगसाठी मराठी दुभाषा आधी लेखी मागा. तो शाळेने द्यायचा असतो. ‘कळलं नाही म्हणून सही केली’ हे नंतर सिद्ध करणं फार कठीण जातं.

पैशांचा संशय असेल, तर वाट वेगळी. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर उघड झालं की एका वकिलाला पाच डिस्ट्रिक्टनी एकाच वेळी पूर्णवेळ कर्मचारी दाखवलं होतं आणि त्यातून त्याचं सरकारी पेन्शन वाढत होतं. असलं काही शोधायला सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली वकिलाशी झालेला करार, वर्षाला दिलेली एकूण रक्कम आणि बोर्डाच्या ठरावांच्या प्रती मागा. चालू खटल्याच्या बिलांतला तपशील गोपनीय म्हणून काळा करून देतात. त्यावर भांडत बसू नका, आकडे आणि ठराव पुरतात.

डिस्ट्रिक्टच्या वकिलाचा अंतर्गत ईमेल चुकून तुमच्याकडे आला, तर तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका आणि तक्रारीलाही सरळ जोडू नका. आधी स्वतःच्या वकिलाला दाखवा.

सुनावणी चालू असेल, तर हरकत तिथेच घ्या

ड्यू प्रोसेसची तक्रार मिळाल्यापासून १५ दिवसांत डिस्ट्रिक्टला समेटाची बैठक बोलवावी लागते. तुम्ही वकील आणला नाही, तर त्यांनाही आणता येत नाही. तरी आणला, तर ‘माझी हरकत आहे, बैठकीच्या नोंदीत लिहा’ असं म्हणा आणि संध्याकाळी तेच ईमेलने कळवा. बैठकीत करारावर सही झाली असेल, तर कामकाजाच्या ३ दिवसांत ती मागे घेता येते. ही खिडकी फार छोटी आहे, म्हणून तारीख लगेच भिंतीवर लिहा.

सुनावणीच्या किमान ५ कामकाजाच्या दिवसांआधी पुरावे एकमेकांना द्यायचे असतात. ऐनवेळी नवा कागद पुढे आला, तर तो वगळण्याची मागणी करा. वकिलाने ‘साक्षीदार सुनावणीच्या शब्दशः नोंदीच्या अमुक पानावर असं म्हणाला’ असं लिहिलं असेल, तर ते पान उघडून शब्द न् शब्द ताडा. फरक दिसला, तर तो न्यायाधीशापुढे त्याच टप्प्यावर मांडा. न्यायाधीशाच्या निकालात ‘हे विधान खोटं होतं’ असा शेरा आला, तर बारपुढे त्याच्याइतका भक्कम पुरावा नाही. घाईने आधीच तक्रार केली, तर ‘संबंधित खटला चालू आहे’ म्हणून ती बाजूला ठेवली जाऊ शकते. मात्र बारच्याही मुदती असतात: कॅलिफोर्नियात साधारण ५ वर्षं, टेक्सासमध्ये ४.

तक्रार लिहा

दोन-तीन पानं पुरे. एका घटनेला एक परिच्छेद: तारीख, कृती, ती खोटी कशी ते दाखवणारा कागद, नियम. अर्ज इंग्रजीतच जाईल, पण घडण अशी असावी:

‘१४ मार्च रोजी सकाळी १०.१२ वाजता श्री. क्ष यांनी मला ईमेल पाठवला (जोडपत्र ३). त्यात मूल्यांकनाचा अहवाल अस्तित्वातच नाही असं लिहिलं आहे. ९ फेब्रुवारीच्या मीटिंगच्या नोंदीत हाच अहवाल चर्चेला घेतल्याचं आणि श्री. क्ष हजर असल्याचं लिहिलं आहे (जोडपत्र ४, पान २). नियम ४.१.’

‘खोटारडा’, ‘भ्रष्ट’, ‘वंशद्वेषी’ असा एकही शब्द इथे नाही, आणि नसावाही. तपास करणाऱ्याला तुमचा संताप नको असतो, पान क्रमांक हवा असतो. पाच मुद्दे असतील आणि दोनच कागदावर उभे राहत असतील, तर दोनच लिहा. कच्चे तीन मुद्दे पक्क्या दोघांनाही घेऊन बुडतात. मुलाचं नाव आणि निदान जरुरीपुरतंच ठेवा, जोडपत्रांत बाकीचं काळं करा.

कुठे पाठवायची

वकिलाचं लायसन्स ज्या राज्यात आहे तिथल्या यंत्रणेकडे. राज्याच्या बारच्या संकेतस्थळावर नाव शोधून आधी खात्री करा. कॅलिफोर्नियात स्टेट बार, टेक्सासमध्ये चीफ डिसिप्लिनरी काउन्सेलचं ऑफिस, इलिनॉयमध्ये एआरडीसी ही शिस्तपालन संस्था, न्यूयॉर्कमध्ये अपील विभागाच्या ग्रीव्हन्स कमिटी, न्यू जर्सीत डिस्ट्रिक्ट एथिक्स कमिटी. या शेवटच्या नावातल्या ‘डिस्ट्रिक्ट’चा शाळेशी काही संबंध नाही. त्या न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाच्या अखत्यारीतल्या भागवार समित्या आहेत.

तक्रारीला फी नाही आणि वकिलाचीही गरज नाही. तक्रारदार त्या वकिलाचा अशील असावा लागत नाही, अमेरिकेचा नागरिकही असावा लागत नाही. ‘आपण एच-१बी वर, कशाला भानगड’ म्हणून पुष्कळ मराठी घरं इथेच थांबतात. व्हिसाचा या अर्जाशी संबंध नाही, आणि सरकारी शाळेत शिकण्याचा मुलाचा हक्क इमिग्रेशनच्या स्थितीवर अवलंबून नाही, हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्येच स्पष्ट केलं आहे. खबरदारी एकच: लिहाल ते खरं लिहा. कॅलिफोर्नियात जाणूनबुजून, आकसाने खोटी तक्रार करणं हा गुन्हा आहे.

धमकी म्हणून वापरू नका

‘थेरपीचे तास द्या, नाहीतर बारकडे जातो’ असं कधीही लिहू नका. तुमच्या वतीने तुमच्या वकिलाने तसं लिहिलं, तर कॅलिफोर्नियात त्याचंच लायसन्स अडचणीत येईल, कारण नियम ३.१० त्याला मनाई करतो. उलट बाजूही लक्षात ठेवा. समझोत्याच्या करारात ‘पालक बारकडे तक्रार करणार नाहीत’ असं कलम वकिलाने घातलं, तर कॅलिफोर्नियात ते कायद्याने निषिद्ध आहे. असं कलम दिसलं, तर सही करण्याआधी तो मसुदा जपून ठेवा, कारण तो स्वतःच पुरावा आहे.

पाठवल्यानंतर

आलेला फाइल क्रमांक जपा आणि पत्ता बदलला तर कळवा. तक्रार पुढे गेली, तर वकिलाकडून लेखी उत्तर मागवलं जातं. टेक्सासमध्ये त्याला ३० दिवस मिळतात. ते उत्तर तुम्हाला दाखवलं, तर प्रत्येक मुद्द्याला पान क्रमांकासह थोडक्यात उत्तर द्या. निकाल समज देण्यापासून लायसन्स निलंबित किंवा रद्द होण्यापर्यंत काहीही असू शकतो, पण त्यातून आयईपी बदलत नाही आणि नुकसानभरपाईही मिळत नाही. म्हणून मुलाच्या सेवांसाठीची सुनावणी किंवा राज्याकडची तक्रार बारच्या तक्रारीच्या भरवशावर सोडू नका, तिच्या मुदती स्वतंत्र चालू असतात.

तक्रार बंद झाल्याचं पत्र आलं, तर शेवटचा परिच्छेद वाचा. फेरविचाराची सोय असेल, तर ती कुठे आणि किती दिवसांत मागायची हे तिथेच लिहिलेलं असतं. टेक्सासमध्ये ‘ही तक्रारच होत नाही’ म्हणून अर्ज परत आला, तर बोर्ड ऑफ डिसिप्लिनरी अपील्सकडे ३० दिवसांत दाद मागता येते. सुनावणीचा निकाल किंवा आयईपीची नवी आवृत्ती हाती आली असेल, तर ती फेरविचाराच्या अर्जाला सर्वांत वर लावा.