संपर्क मोजण्याआधी मोजपट्टी ठरवा: प्रोटीनमधल्या रेसिड्यूंचा अभ्यास कसा करावा

उन्हाळ्याच्या तोंडावर एम.एस्सी.चे प्रोजेक्ट सुरू झाले की मुलं विचारतात, ‘मॅडम, कॉन्टॅक्ट काढायला कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?’ सॉफ्टवेअरचं नंतर बघू. आधी वहीत एक ओळ लिहा: माझ्या कामात दोन रेसिड्यूंचा (म्हणजे प्रोटीनच्या साखळीतल्या दोन अमिनो आम्लांचा) ‘संपर्क’ कशाला म्हणायचं. ही ओळ नसेल तर पुढच्या एकाही आकड्याला अर्थ नाही. एकाच प्रोटीनमध्ये एका विद्यार्थ्याला जितके संपर्क सापडतात त्याच्या दुप्पट दुसऱ्याला सापडू शकतात, आणि चूक दोघांचीही नसते. मोजपट्टी वेगळी असते, इतकंच.

नेहमी वापरतात त्या मोजपट्ट्या तीन. पहिलीत दोन रेसिड्यूंच्या सी-अल्फा अणूंमधलं (साखळीच्या कण्यातल्या मधल्या कार्बनमधलं) अंतर ८ अँगस्ट्रॉमच्या आत हवं; एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. दुसरीत सी-बीटा अणूंमधलं, म्हणजे साइड चेनच्या (रेसिड्यूच्या बाजूच्या फांदीच्या) पहिल्या कार्बनमधलं, तेही ८. ग्लायसिनला सी-बीटा नसतो, तिथे सी-अल्फाच धरायचा. तिसरीत हायड्रोजन सोडून दोन्हीकडचे कोणतेही दोन अणू ४.५ अँगस्ट्रॉमच्या आत आले की संपर्क झाला. प्रोटीनची घडी कशी पडली आहे एवढंच बघायचं असेल तर पहिल्या दोन पुरतात. एखाद्या म्युटेशनने (एका रेसिड्यूच्या जागी दुसरा आल्याने) नेमकं काय तुटलं हे शोधायचं असेल तर मी तिसरीचाच आग्रह धरते. लायसिन आणि ग्लुटामेटच्या साइड चेन लांब असतात. सी-अल्फा १० अँगस्ट्रॉमवर असले तरी टोकं एकमेकांना भिडलेली असू शकतात. उलट बीटा स्ट्रँडवर (साखळीच्या ताणलेल्या भागावर) लागून असलेल्या दोन रेसिड्यूंचे सी-अल्फा ४ अँगस्ट्रॉमच्या आत असतात, पण साइड चेन एकीची वर आणि दुसरीची खाली. साखळीत लागून असलेले रेसिड्यू जवळ असणारच, त्यात शोध काही नाही. म्हणून क्रमांकातला फरक ३ किंवा त्याहून कमी असलेल्या जोड्या सरळ वगळा.

आता एकदा तरी हाताने मोजा. त्यासाठी क्रॅम्बिन घ्या. हे वनस्पतीच्या बियांमधलं, फक्त ४६ रेसिड्यूंचं प्रोटीन आहे. प्रोटीन डेटा बँकेत (प्रोटीनच्या रचनांच्या ऑनलाइन संग्रहात) त्याचा कोड १सीआरएन (शोधताना अक्षरं रोमन लिपीत टाइप करा). फाइल जुन्या पीडीबी फॉरमॅटमध्ये उतरवा आणि नोटपॅडमध्ये उघडा. प्रत्येक अणूची एक ओळ दिसेल. त्या ओळीतल्या ३१ ते ३८ या रकान्यांत एक्स, ३९ ते ४६ मध्ये वाय आणि ४७ ते ५४ मध्ये झेड. सिस्टीनच्या गंधकाला तिथे ‘एसजी’ म्हणतात. ३ आणि ४० क्रमांकाच्या सिस्टीनचे एसजी शोधा, तिन्ही फरकांचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. उत्तर साधारण २ अँगस्ट्रॉम आलं पाहिजे. हा डायसल्फाइड बंध. असे आणखी दोन आहेत, ४ आणि ३२, १६ आणि २६. तीनही स्वतः मोजून झाले की पुढे सॉफ्टवेअर जे सांगेल ते तपासण्याची ताकद तुमच्या हातात येते.

मग एक्सेल. ४६ सी-अल्फा अणूंचे तिन्ही आकडे एका शीटमध्ये आणा, ४६ बाय ४६ चा तक्ता करा, प्रत्येक चौकोनात अंतर काढणारं सूत्र भरा आणि कंडिशनल फॉरमॅटिंग लावून ८ पेक्षा कमी असलेले चौकोन काळे करा. झाला तुमचा कॉन्टॅक्ट मॅप. कर्णाला चिकटून जाड पट्टा दिसतो तिथे अल्फा हेलिक्स (स्प्रिंगसारखा वेटोळा भाग) आहे, कारण हेलिक्समध्ये प्रत्येक रेसिड्यू चार घरं पुढच्याला भेटतो. कर्णाला काटकोनात जाणारी रेघ म्हणजे उलटसुलट दिशेने जाणारे दोन बीटा स्ट्रँड. क्रॅम्बिनमध्ये १ ते ४ आणि ३२ ते ३५ हे रेसिड्यू असे समोरासमोर आहेत, ती छोटी रेघ शोधा. कर्णाला समांतर पण लांब पडलेली रेघ दिसली, तर ते एकाच दिशेने जाणारे स्ट्रँड असण्याची शक्यता मोठी. सोलापूरच्या पूर्व भागातल्या माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील चादरीची जकार्ड डिझाइनं ग्राफपेपरवर काढायचे. भरलेला चौकोन म्हणजे तिथे ताणा उचलला. तिने हा तक्ता वर्गात सगळ्यांच्या आधी वाचला, आणि बाकीच्यांना तिनेच समजावला.

यानंतर कायमेरा-एक्स हे रचना बघण्याचं सॉफ्टवेअर घ्या; शैक्षणिक कामासाठी ते मोफत आहे. टूल्समधल्या स्ट्रक्चर अ‍ॅनालिसिसमध्ये कॉन्टॅक्ट्स आणि एच-बाँड्स अशी वेगवेगळी साधनं आहेत. पायथन येत असेल तर बायोपायथनमधलं नेबरसर्च झटपट काम करतं. फाइली सकाळीच उतरवून ठेवा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारी लाइट गेली की नेटही जातं. काम लॅपटॉपवर असेल तर निदान बॅटरी असेपर्यंत चालू राहतं.

फाइल वापरण्याआधी चार गोष्टी बघाव्याच लागतात. रिझोल्यूशन किती, म्हणजे किती बारीक तपशील दिसतो (आकडा लहान तितका बारीक): ३ अँगस्ट्रॉमच्या फाइलवरून साइड चेनच्या टोकांबद्दल ठाम बोलू नका. एखादा अणू दोन जागी दाखवला आहे का: असेल तर एकच जागा ठेवा. कोणते रेसिड्यू गायब आहेत: नसलेल्याचा संपर्क नाही, याचा अर्थ संपर्क होत नाही असा नाही. चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती हिमोग्लोबिनवर नीट कळते.

ऑक्सिजन नसलेलं मानवी हिमोग्लोबिन २एचएचबी या फाइलमध्ये आहे, ऑक्सिजन घेतलेलं १एचएचओमध्ये. पहिलीत चारही साखळ्या आहेत. दुसरीत दोनच, एक अल्फा आणि एक बीटा. उरलेल्या दोन स्फटिकाच्या सममितीतून तयार होतात. तुम्ही ती फाइल तशीच वापरली तर दोन अल्फा-बीटा जोड्यांमधल्या सांध्यातले सगळे संपर्क शून्य येतील, आणि ऑक्सिजन मिळताच तो सांधा सुटतो असा खोटा निष्कर्ष निघेल. म्हणून डाउनलोड करताना ‘बायोलॉजिकल असेंब्ली’ (शरीरात प्रत्यक्ष असतो तो पूर्ण रेणू) निवडायची. मग दोन्ही फाइलींत क्षारसेतू शोधा: ऋणभाराचा ऑक्सिजन आणि धनभाराचा नायट्रोजन ४ अँगस्ट्रॉमच्या आत. ऑक्सिजन नसताना बीटा साखळीतलं १४६ वं हिस्टिडिन त्याच साखळीतल्या ९४ व्या अ‍ॅस्पार्टेटला धरून असतं, आणि त्याच हिस्टिडिनचं शेवटचं कार्बोक्सिल टोक समोरच्या जोडीतल्या अल्फा साखळीच्या ४० व्या लायसिनला. ऑक्सिजन आला की ही पकड सुटते. हिमोग्लोबिनची रचना शोधणाऱ्या मॅक्स पेरुट्झ यांनी १९७० मध्ये मांडलेली यंत्रणा या दोन फाइलींवरून तुमच्या समोर उभी राहते. हा तक्ता पहिल्यांदा भरताना मुलांचे चेहरे बघायला मला फार आवडतं.

सिकलसेल नंदुरबार आणि गडचिरोलीकडे जास्त, पण त्यामागचा संपर्क इथे बसूनही पाहता येतो. फाइल २एचबीएस. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामेटऐवजी व्हॅलिन आलं आहे. ते शेजारच्या हिमोग्लोबिन रेणूच्या बीटा साखळीतल्या ८५ व्या फिनाइलअ‍ॅलानिन आणि ८८ व्या ल्युसिनमधल्या खळग्यात बसतं. प्रत्येक रेणूत असं व्हॅलिन दोन जागी आहे, पण या खळग्यात त्यातलं एकच बसतं. कोणतं, ते ४.५ अँगस्ट्रॉमची मोजपट्टी लावून शोधा. फाइलमध्ये शेजारी दिसला नाही तर सममितीने तयार करा. स्फटिकात रेणू नुसते एकमेकांवर रचले गेल्यामुळे झालेले संपर्क एरवी मी बाजूला ठेवायला सांगते. इथे मात्र स्फटिकातली दुहेरी ओळ पेशीतल्या तंतूंमधल्या ओळीसारखीच असते, म्हणून तो संपर्क खरा धरायचा. आणखी एक सांगायचं, वैद्यकीय अहवालात हीच जागा सातवी लिहिलेली दिसेल, कारण तिथे सुरुवातीचं मेथिओनिनही मोजतात. क्रमांक कोणत्या पद्धतीचा, हे तक्त्याच्या डोक्यावर लिहून ठेवा.

केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र असल्यामुळे आपल्या मुलांना डाळिंबावरच्या तेल्या रोगाच्या जिवाणूच्या प्रोटीनवर काम करावंसं वाटतं, आणि ते करावंच. पण अशा अनेक प्रोटीनची प्रयोगातून मिळालेली रचना हाताशी नसते, मग अमिनो आम्लांच्या क्रमावरून रचनेचं भाकीत करणाऱ्या अल्फाफोल्डचं मॉडेल घ्यावं लागतं. तिथे प्रत्येक रेसिड्यूला १०० पैकी विश्वासाचा गुण दिलेला असतो. जोडीतला एकही ७० च्या खाली असेल तर तो संपर्क मोजणीत धरू नका. प्रोटीनचे दोन स्वतंत्र भाग एकमेकांना भेटताना दिसले, तर त्या दोन भागांच्या परस्पर जागेतली अपेक्षित चूक दाखवणारा चौकोनी आलेखही उघडा. तिथे चूक मोठी असेल तर त्या भेटीवरून म्युटेशनचं भाकीत करू नका. ते संपर्क वेगळ्या शीटमध्ये ‘अनिश्चित’ म्हणून ठेवा.